विलिए-मोर्गोंच्या एका घरची लाल वाइन

साओनकाठची | रवि., ५ ऑक्टोबर, २२:४०

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस द्राक्षं तोडायला गेले होते. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या उत्तरेला बोजोले हा टेकड्यांचा पट्टा आहे. त्यातल्या विलिए-मोर्गों गावातली सात हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वासतरा एकरांची घरची बाग. पाच वर्षं मी तिथे वाइन घ्यायला जाते, यंदा पहिल्यांदाच हातात कात्री घेतली. त्या घराचं नाव लिहीत नाही, त्यांनाही ते नको आहे. पण त्यांच्या वाइनविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं आजोळ तासगावचं. मामांची बाग, बेदाण्याची शेड, एप्रिलच्या उन्हात जाळ्यांवर वाळणारा माल, हे सगळं बघत वाढले. त्यामुळे द्राक्ष मला परकं नाही. परका वाटला तो मांडवाचा अभाव. इथल्या जुन्या बागांत तार नाही, खांब नाही. गुडघ्याएवढं झुडूप, वर चार-पाच हात पसरलेले, प्रत्येक वेल स्वतःच्या पायावर उभा. या छाटणीला ‘गोब्ले’ म्हणतात, म्हणजे पेला. एका हेक्टरात असे सुमारे दहा हजार वेल. मांडवाखाली माणूस मान वर करून काम करतो, इथे सगळं काम कमरेतून वाकून.

तोडणीला इथे फुकट हात लावता येत नाही. रीतसर करार होतो, मजुरी मिळते. तोडणीसाठी वेगळा करारच आहे आणि नोकरदार माणूस भरपगारी रजेवर असतानाही तो करू शकतो. मी तसाच केला. सकाळी साडेसातला रांगेत उभं राहायचं. घड तळहातावर घ्यायचा, देठ कापायचा, कुजका मणी दिसला तर कात्रीच्या टोकाने काढायचा आणि घड क्रेटमध्ये ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. मणी फुटता कामा नये, कारण घड देठासकट अखंडच टाकीत जातो.

घरातले आजोबा ८१ वर्षांचे आहेत. चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली लागले तेव्हा बाग यांची नव्हती. मालक ल्योंला राहायचा. जमीन त्याची, कष्ट यांचे, पीक निम्मं-निम्मं. मी ऐकतानाच मनात म्हटलं, ही तर अर्धेली. बोजोलेत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सत्तरच्या दशकापासून आजोबांनी एकेक तुकडा विकत घेतला, शेवटचा १९९४ साली. आता बाग मुलगी बघते, जावई टाक्या आणि ट्रॅक्टर सांभाळतो. बाटलीवर नाव आहे आजोबांच्या वडिलांचं. त्यांच्या नावावर हयातीत एक वेलसुद्धा नव्हता.

मोर्गोंची नामांकित टेकडी म्हणजे कोत द्यु पी, उंची साधारण ३५० मीटर. यांची दीड हेक्टर बाग तिच्या उतारावर आहे. तिथे आजोबांनी निळसर करडा दगड उचलला, मुठीत दाबला आणि त्याचा भुगा माझ्या हातावर ठेवला. इथले लोक त्याला ‘रोश पुरी’ म्हणतात, कुजलेला खडक. मी बघतच राहिले. हा मुरूम! आपला काळ्या पाषाणाचा, यांचा लोह असलेल्या पुरातन शिस्ट खडकाचा. पण पाणी धरून न ठेवणारी, मुळांना खोल जायला लावणारी जमीन तीच. मामा नवी बाग लावताना हाच मुरूम बघत फिरायचे.

आता वाइन. द्राक्षाची जात गामे. साल काळी, गर पांढरा. २०२२ ची बाटली जेवताना उघडली. रंग पिकल्या जांभळाचा, पण पेला उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतील इतका उजळ. पहिला वास चेरीचा, अर्ध्या तासाने मिरीचा आणि भिजलेल्या दगडाचा. तुरटपणा जिभेच्या कडांना लागतो आणि सुटतो. आवळा खाल्ल्यावर राहतो तसा रेंगाळत नाही. मग आजोबांनी तळघरातून २०११ ची आणली. फळ मागे गेलं होतं, वाळलेली पानं आणि चेरीच्या बियांचा कडवट सुगंध पुढे आला होता. जुन्या वाइनला असं वळण लागलं की इथे गावाच्या नावाचंच क्रियापद वापरतात, ‘मोर्गोने’. वाइन मोर्गोनली, असं आजोबा म्हणाले, आणि मुलीने मान हलवून दुजोरा दिल्यावरच त्यांनी स्वतःचा पेला उचलला.

दारात बाटली १४ युरोला पडली. इतक्या कष्टांची किंमत एवढीच कशी, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. जाणकारांनी लिहावं. काही चुकलं असेल तर सांगावं.

---

घोटभर | सोम., ६ ऑक्टोबर, ०८:१५

सुंदर लिहिलंयत. बाटलीवरच्या नावाचं वाचून थांबलो.

एक शंका. पॅरिसला असताना नोव्हेंबरात बोजोले नुव्हो प्यायलो होतो. पातळ, गोडसर, केळ्याचा वास. तेव्हापासून बोजोले म्हणजे हेच, असं डोक्यात बसलंय. तुम्ही लिहिता ती वाइन याच भागातली आणि याच द्राक्षाची?

---

साओनकाठची | सोम., ६ ऑक्टोबर, १३:०२

@घोटभर, हो. भाग तोच, द्राक्ष तेच, तरी वाइन निराळी. नुव्हो म्हणजे त्याच वर्षीची, तोडणीनंतर काही आठवड्यांत बाटलीत भरलेली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती जगभर एकदम विक्रीला येते. तिसरा गुरुवार ठरला १९८५ पासून, पण अशी कोवळी वाइन लवकर विकायला सरकारी परवानगी मिळाली ती १९५१ साली.

बोजोलेच्या उत्तरेला दहा गावपट्टे आहेत, त्यांना ‘क्रू’ म्हणतात: सेंतामूर, ज्युलिएना, शेना, मुलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरुब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुई आणि कोत द ब्रुई. या दहांच्या नावाने नुव्हो विकताच येत नाही. मोर्गोंला हा दर्जा १९३६ सालापासून आहे, आणि पट्टा सुमारे ११०० हेक्टरांचा.

नुव्होने या भागाला नाव दिलं आणि त्याच नावाखाली गाडलंही. आजोबा सांगतात, ऐंशीच्या दशकात नुव्होचे पैसे डिसेंबरात हातात यायचे आणि त्यातून ट्रॅक्टरचे हप्ते फिटायचे. ते त्याला नावं ठेवत नाहीत. पण मुलगी बाहेरगावी वाइन घेऊन गेली की लोक लेबलवर ‘बोजोले’ वाचून बाटली खाली ठेवतात. म्हणून ती फक्त ‘मोर्गों’ लिहिते.

---

रसायन | सोम., ६ ऑक्टोबर, १९:४४

केळ्याच्या वासाबद्दल. तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा. झटपट आंबवण आणि त्यासाठी निवडलेलं यीस्ट यांमुळे तो नुव्होत उठून येतो.

घड अखंड का लागतो तेही लिहितो, कारण बोजोलेचं मर्म तिथेच आहे. टाकीत घड भरले की तळाचे मणी वरच्या वजनाने चिरडतात. तो रस आंबायला लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि टाकी त्याने भरून जाते. वरच्या अखंड मण्यांना मग प्राणवायू मिळत नाही. अशा वेळी मणी स्वतःच्या आतल्या विकरांनी साखर आंबवू लागतो, यीस्ट नसताना. साधारण दोन टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होईपर्यंत हे चालतं, मग पेशी मरतात. या काळात आतलं मॅलिक आम्लही कमी होतं आणि फळांचे वास तयार होतात. बियांशी आणि सालीशी घुसळण कमी, म्हणून तुरटपणा कमी. ताईंना जिभेवर जे जाणवलं त्याचं कारण हे.

नुव्होसाठी हे चार-पाच दिवसांत उरकतात. क्रूवाले दहा-पंधरा दिवस, कधी जास्तही ठेवतात. या विषयात ज्युल शोव्हे (१९०७–१९८९) यांचं काम मोठं आहे. ते याच भागातले वाइन व्यापारी आणि संशोधक. बाहेरचं यीस्ट न घालता, गंधक नाममात्र ठेवून स्वच्छ वाइन करता येते हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. मोर्गोंचे वाइन उत्पादक मार्सेल लापिएर यांनी ऐंशीच्या दशकात तेच बागेत उतरवलं.

---

साओनकाठची | सोम., ६ ऑक्टोबर, २०:३०

@रसायन, मनापासून आभार. चार दिवस मी टाकीभोवती वावरले, आत काय चाललंय ते आज कळलं.

एक राहिलंच. टाकी रिकामी करून माल दाबयंत्रात घालतात तेव्हा मण्यांच्या आत राहिलेली साखर बाहेर येते. गोड, कोमट, अर्धवट आंबलेला रस. त्याला इथे ‘पारादी’ म्हणतात, स्वर्ग. यंत्राखाली पहिला पेला तोडणाऱ्यांनी धरायचा असा रिवाज आहे. सातआठ तास वाकून काम केल्यावर तो रस घशाखाली गेला तेव्हा मला रसवंतीतला उसाचा रस आठवला. डोळ्यांत पाणी आलं.

---

निफाडची_बाग | मंगळ., ७ ऑक्टोबर, २३:२१

ताई, आमच्याकडे सध्या गोडी छाटणीची गडबड आहे. पाऊस थांबायला तयार नाही आणि डावणीची, म्हणजे पानांवरच्या बुरशीची, धास्ती. दिवसभर वेळ नाही, रात्री वाचलं. दोनदा वाचलं.

माझेही काही अनुभव. २००६ साली आम्ही दोन एकर शिराझ लावला होता, एका वायनरीच्या करारावर. पहिले पैसे वेळेवर आले. वडील म्हणाले, बाजारात मालाला बोली लावत बसायला नको, भाव आधीच ठरलेला, हे बरं. २००९ च्या मालाचे निम्मे पैसे आजवर आले नाहीत. आणि हा माल दुसरीकडे विकताही येत नाही. मणी बारीक, बिया मोठ्या, साल जाड, खायला कोण घेणार? २०१० च्या पावसाळ्यात वडिलांनी स्वतः वेल तोडले. माणूस लावला नाही, स्वतः तोडले. त्या जागी खाण्याचा थॉमसन लावला.

चार वर्षं आम्ही वाइनची द्राक्षं पिकवली. त्या वाइनची एक बाटली आमच्या घरात आली नाही. कशी लागते ते माहीत नाही. तुमच्या त्या आजोबांच्या वडिलांचं वाचताना हेच आठवत राहिलं.

आता प्रश्न. एका वेलीवर घड किती ठेवतात? फवारणी काय? आणि भाव कोण ठरवतं?

---

जुने_खोड | बुध., ८ ऑक्टोबर, ०६:५०

निफाडकर, तुमचा प्रतिसाद वाचून काही सुचेना. वडिलांना नमस्कार सांगा.

---

साओनकाठची | बुध., ८ ऑक्टोबर, २१:१५

@निफाडची_बाग, दादा, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

फवारणीचं आधी सांगते, कारण ते ऐकून तुम्हाला घरचं वाटेल. मोरचूद आणि चुना. बोर्डो. आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं बोर्डो म्हणतात ते या देशातल्या बोर्दो शहराच्या नावावरून. तिथल्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी निळं-पांढरं काहीतरी शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं डावणीने गळली नव्हती. त्यावर काम करून त्यांनी १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं. आज युरोपात तांब्यावर मर्यादा आहे, सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो. ओल्या वर्षी एवढ्यात भागवताना सेंद्रियवाल्यांची दमछाक होते. भुरी या दुसऱ्या बुरशीला गंधक, तुमच्यासारखंच.

भाव घरचे ठरवतात, पण सगळ्या मालाचा नाही. चांगल्या वर्षी तीस हजारांच्या आसपास बाटल्यांचा माल होतो. त्यातला निम्मा व्यापाऱ्याला टँकरने जातो, त्याच्या भावाने. उरलेला निम्मा यांच्या नावाने, यांच्या भावाने. वर्षाकाठी बाटलीबंद हिस्सा थोडा थोडा वाढवत नेणं हीच मुलीची गेली बारा वर्षांची धडपड आहे. व्यापारी नसता तर २०१६ आणि २०१७ ला, लागोपाठ दोन वर्षं गारा पडल्या तेव्हा घर टिकलं नसतं, असंही तिनेच सांगितलं.

घडांचा आकडा मला नीट माहीत नाही. पुढच्या महिन्यात जाणार आहे, आजोबांना विचारून लिहिते.

---

अभ्यासिका | गुरु., ९ ऑक्टोबर, १६:०८

गामेच्या इतिहासातली एक गोष्ट इथे नोंदवते. १३९५ साली बोजोलेच्या उत्तरेला लागून असलेल्या बुर्गोन्यचा सरदार फिलिप द बोल्ड याने फर्मान काढून आपल्या मुलखातले गामेचे वेल उपटायला लावले. फर्मानात या द्राक्षाला ‘बेइमान’ म्हटलं आहे. तक्रार अशी की हा वेल भरमसाट पिकतो, शेतकरी त्याच्या मोहात पिनो न्वार ही जात सोडतात आणि बुर्गोन्यच्या वाइनची पत घसरते. प्लेगनंतर माणसं कमी झाली होती. कमी कष्टांत जास्त पिकणारा वेल कष्टकऱ्याला जवळचा वाटला, सरदाराला नाही. मी या फर्मानाकडे तसं बघते.

१९९९ मध्ये डीएनए चाचण्यांतून कळलं की गामे हे त्याच पिनो न्वारचं अपत्य आहे. दुसरा पालक गुए ब्लां, हलकी समजली जाणारी पांढरी जात. शार्दोने याच जोडीचं, म्हणजे सख्खं भावंड. एकाला दरबार मिळाला, दुसऱ्याला हाकललं गेलं. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर मात्र हाच वेल रुजला, आणि तिथे जमीनच भरमसाट पीक येऊ देत नाही.

शेजारच्या शिरुब्ल गावात व्हिक्तोर प्युलिया यांचा पुतळा आहे. फिलॉक्सेराची कीड मुळं खाऊन फ्रान्सभरच्या बागा मारत होती, तेव्हा ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलाच्या खुंटावर कलम करा म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं.

---

निफाडची_बाग | गुरु., ९ ऑक्टोबर, २२:५५

कलमाचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे डॉगरिज खुंट वापरतात, तोही अमेरिकन. पण आमचं कारण कीड नाही, खारं पाणी आणि पाण्याचा ताण.

---

रोखठोक | शुक्र., १० ऑक्टोबर, ११:३०

लेख चांगला, पण एक मुद्दा पटत नाही. लहान घर, आजोबा, हाताने तोडणी हे सगळं वाचून वाइन आपोआप चांगली वाटू लागते. लहान म्हणजे उत्तम हे गृहीतक आहे. सहकारी संस्थेची किंवा मोठ्या कंपनीची वाइन डोळे बांधून दिली तर किती जणांना फरक कळेल? शिवाय ‘घरगुती’ हा शब्द मोठ्या कंपन्याही लेबलवर सर्रास वापरतात. गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

---

साओनकाठची | शुक्र., १० ऑक्टोबर, २०:४७

@रोखठोक, प्रश्न रास्त आहे. लहान म्हणजे उत्तम असं मी मानत नाही. याच गावात एका लहान बागेची बाटली मी घेतली होती, ती घरी उघडली तर व्हिनेगरचा वास. टाकी स्वच्छ नसेल तर आजोबा असून उपयोग नाही. सहकारी संस्थांच्या चांगल्या वाइनही मी प्यायले आहे. आणि डोळे बांधून ओळखायची पैज मी हरेन.

मला लहान घर महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. चव बिघडली तर विचारायला माणूस आहे. २०२१ ची वाइन मला पाणचट वाटली. मी तसं सांगितलं. मुलीने वाद घातला नाही, हिशेबाची वही काढली. एप्रिलच्या ७-८ तारखेच्या रात्री कडाक्याची थंडी पडून कोवळे कोंब गेले, पुढे उन्हाळाभर पाऊस, साखर चढलीच नाही. तिने त्या वर्षी भाव दोन युरोंनी कमी ठेवला होता आणि कोत द्यु पीची वेगळी बाटली भरलीच नाही. त्या वर्षाचं हवामान वाइनमध्ये तसंच्या तसं होतं.

ओळखायचं कसं: लेबलवर ‘मि आं बुतेय ओ दोमेन’ असं असेल तर वाइन बागेतच बाटलीत भरलेली. व्यापाऱ्याच्या बाटलीवर ते लिहिता येत नाही. झाकणावर पाठीवर पिंप घेतलेल्या माणसाचं चित्र असेल तर तो स्वतंत्र द्राक्ष-वाइन उत्पादकांच्या संघटनेचा सभासद, म्हणजे स्वतःची द्राक्षं, स्वतःची वाइन, स्वतःची विक्री. चवीची खात्री दोन्हींत नाही. कुणी केली ते मात्र कळतं.

---

घोटभर | शुक्र., १० ऑक्टोबर, २१:१०

पाठीवर पिंप घेतलेला माणूस मी बघितलाय, अर्थ आज कळला. +१

---

पाटावरवंटा | शनि., ११ ऑक्टोबर, १२:२५

इतकी चर्चा झाली आणि सोबत काय खायचं ते कुणी विचारलंच नाही! आपल्या जेवणाबरोबर चालते का ही?

---

साओनकाठची | शनि., ११ ऑक्टोबर, १७:५०

@पाटावरवंटा, ल्योंला तीन नद्या आहेत, रोन, साओन आणि तिसरी बोजोले, असं इथले जुने लोक म्हणतात. इथल्या खानावळीत ती जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत येते आणि सोबत सॉसेज, यकृताचे प्रकार, मसूर.

घरी मी भरल्या वांग्यांबरोबर घेतली आणि छान जमली. शेंगदाणा, तीळ, गूळ यांना तिचं आंबट फळ साथ देतं. तुरटपणा कमी असल्याने मसाल्याशी भांडत नाही. मटणाचा सुका रस्साही चालतो. झणझणीत तांबड्याबरोबर मात्र नको, तिखटावर मद्यार्क आणखी भाजतो. महत्त्वाचं म्हणजे थोडी गार करा, १४-१५ अंशांवर. आपल्या खोलीच्या तापमानाला ती सपक लागते. भारतात नेताना सामानात माणशी दोन लिटरपर्यंत सूट आहे, दोन बाटल्या सहज बसतात.

रविवारी जायचं असेल तर आधी फोन करून जा. ल्योंहून बेलव्हीलपर्यंत गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते, पुढे दहा-एक किलोमीटर. लहान घरांत दुकान नसतं, कुणीतरी बागेतून हात धुऊन येतं.

---

जुने_खोड | रवि., १२ ऑक्टोबर, ०७:३५

मी पीत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. माझा प्रश्न जमिनीचा. आमची चौदा एकर होती, तीन पिढ्यांत वाटण्या होऊन माझ्या वाट्याला पावणेदोन आली. सात हेक्टर एकत्र राहिली कशी?

---

साओनकाठची | रवि., १२ ऑक्टोबर, २२:०५

@जुने_खोड, काका, तिथेही वाटण्या होतात. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून सगळ्या मुलांना, मुलींनाही, वारसा मिळतोच, बाप कुणाला पूर्ण वगळू शकत नाही. त्यामुळे बुर्गोन्यमध्ये तर एकेकाच्या वाट्याला वेलींच्या काही रांगा उरल्या आहेत.

या घरात आजोबांना दोन मुलं. मुलगा शहरात नोकरीला. त्यांनी जमिनीची एक मंडळी नोंदवली. कायद्यात त्याची सोय आहे. जमीन अखंड राहते, वारसांना त्या मंडळीतले हिस्से मिळतात. भावाचा हिस्सा आहे, बहीण त्याला दरसाल खंड देते आणि बाग कसते. तिने सांगितलं, गारपिटीच्या वर्षी भावाने खंड घेतला नाही. तोडणीला मात्र दरवर्षी येतो. यंदा माझ्या समोरच्या रांगेत तोच होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

---

जुने_खोड | रवि., १२ ऑक्टोबर, २२:४०

भावाने खंड घेतला नाही. नशीबवान घर.

---

साओनकाठची | रवि., २३ नोव्हेंबर, २१:३०

धागा वर काढते. काल जाऊन आले.

@निफाडची_बाग दादा, तुमचा प्रश्न आजोबांना विचारला. ते मला सरळ बागेत घेऊन गेले. पानं गळली आहेत, वेल उघडे आहेत. त्यांनी हात मोजून दाखवले: एका वेलीला तीन ते पाच हात, प्रत्येकावर दोन डोळ्यांची एक आखूड काडी. म्हणजे सहा ते दहा डोळे, वेलीला आठ-दहा घड, तेही लहान. ऐंशी वर्षांच्या काही वेलींवर तीन-चारच धरतात. ते काढून नवे लावायला जावई तयार आहे, आजोबा आणि मुलगी नाहीत. छाटणी डिसेंबरनंतर सुरू होईल. २२ जानेवारीला द्राक्षवाल्यांच्या संतांचा, सें व्हँसांचा दिवस. त्या दिवशी छाटणी बंद ठेवून गाव एकत्र जेवतं.

तुमची शिराझची हकिकत मी त्यांना सांगितली. वडिलांनी वेल स्वतः तोडले, हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे थंडी नाही, तर वेल झोपतो कधी?

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही लिहाल का? मी त्यांना भाषांतर करून वाचून दाखवेन. आणि मांडवाचा एखादा फोटो असेल तर हवा आहे. खालून वेल कसा दिसतो ते त्यांना बघायचं आहे.

---

निफाडची_बाग | सोम., २४ नोव्हेंबर, २२:१८

ताई, आजोबांना असं सांगा.

आमच्याकडे वेल झोपत नाही. त्याला आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये, माल निघाल्यावर, खरड छाटणी. तेव्हा ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलाच्या आडव्या हातापर्यंत, सगळं काढून टाकतो आणि उन्हाळ्यात नवी काडी तयार होते. पुढच्या घडाचा गर्भ त्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच धरतो. मग पावसाळा जाऊ देतो आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्या डोळ्यातून घड बाहेर येतो. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन छाटण्या, एक पीक. यंदा फुलोऱ्यात पाऊस होता, काही घड कुजले. जे राहिले त्यांचे मणी आता ज्वारीएवढे झालेत.

वेलाला विश्रांती मिळते ती फक्त माल निघाल्यावर महिनाभर, छाटणी होईपर्यंत. त्या महिन्यात वडील बागेत कुणाला जाऊ देत नाहीत.

फोटो उद्या सकाळी काढतो आणि व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. वडिलांना सांगितलं की फ्रान्सच्या एका शेतकऱ्याला मांडव बघायचाय. ते म्हणाले, मग पूर्वेकडच्या कोपऱ्यातला काढ, तिथे ऊन आधी येतं. शिराझ तिथेच होता.